मोती, सिमेंट, पीठ आणि सभापतिपद

जुन्या मराठी घरांतल्या नथीचे मोती ‘बसरा’ म्हणून मिरवले जात. प्रत्यक्षात त्यांतले कितीतरी बसऱ्याचे नसत. ते बहरीन, अबुधाबी, दुबईच्या उथळ समुद्रातून वर येत, मुंबईच्या बाजारात त्यांचा सौदा होई आणि मग ते आपल्याकडच्या सराफांपासून थेट पॅरिसच्या जवाहिऱ्यांपर्यंत पोचत. त्या किनाऱ्यावर मोत्यांचा धंदा करणाऱ्या घराण्यांत दुबईच्या देरा भागातलं एक घराणं होतं: अल घुरैर. आज याच घराण्याच्या हाती अमिरातीतली एक जुनी, मोठी बँक आहे. त्यांच्या गिरण्यांचं पीठ देशभर जातं, आणि यांच्यातलाच एक जण देशाच्या संघीय राष्ट्रीय परिषदेचा सभापतीही होऊन गेला.

पैसा, राजकारण आणि लोकसेवा या तिन्ही प्रांतांत एकाच आडनावाचा दबदबा म्हटलं की अमेरिकेतले रॉकफेलर आठवतात. जॉन डी. रॉकफेलर यांनी 1870 मध्ये स्टँडर्ड ऑइल काढली आणि 1913 मध्ये रॉकफेलर फाउंडेशन. एक नातू डेव्हिड चेस मॅनहॅटन बँकेचा प्रमुख झाला. दुसरा, नेल्सन, न्यूयॉर्कचा गव्हर्नर आणि मग अमेरिकेचा उपाध्यक्ष. पण तिथे निवडणूक लढवून सत्तेपर्यंत जाता येतं. दुबईत 1833 पासून अल मक्तूम घराण्याचं राज्य आहे. सिंहासन आधीच कुणाचं तरी आहे, अशा ठिकाणी व्यापारी घराणं वजन कमावतं कसं?

उत्तराची सुरुवात समुद्रात होते. मोत्यांचा हंगाम उन्हाळ्याचे साधारण चार महिने. पाणबुड्या नाकाला चिमटा लावायचा, पायाला दगड बांधायचा, गळ्यात टोपली अडकवायचा आणि खाली जायचा. वर होडीत त्याचा दोर धरून एक जण उभा असे. खालून झटका आला की ओढायचं. मिनिट-दीड मिनिटाची बुडी, आणि दिवसभरात अशा कित्येक बुड्या. एवढं करून पाणबुड्याला रोजंदारी मिळत नसे. हंगामाआधी घरखर्चासाठी उचल मिळे आणि हंगामानंतर हिशेब होई. मोती कमी निघाले तर उचल डोक्यावर राही, पुढच्या वर्षी पुन्हा बुडी. बाप गेला तर ते कर्ज मुलाच्या माथी येई. नाखवा व्यापाऱ्याचा देणेकरी, पाणबुड्या नाखव्याचा. बँक नसलेल्या त्या गावात व्यापारीच सावकार होता. किनाऱ्यावर कोण कुणाचं किती देणं लागतो, हे त्याच्या वहीत असे.

मग ही साखळीच तुटली. जपानच्या मिकिमोतोंनी शिंपल्यात मोती पिकवण्याची युक्ती साधली, 1920 च्या दशकात ते मोती जगभर खपू लागले, आणि 1929 च्या मंदीने उरलंसुरलं गिऱ्हाईकही नेलं. दुबईत अक्षरशः खायचे वांधे झाले. याच कडकीत 1938 च्या ऑक्टोबरमध्ये दुबईच्या व्यापाऱ्यांनी राज्यकर्त्या कुटुंबातल्याच काही नाराज मंडळींना हाताशी धरून तेव्हाचे राज्यकर्ते शेख सईद यांना पंधरा जणांची मजलिस म्हणजे सभा नेमायला लावलं. अट काय, तर उत्पन्नाचे आठातले सात हिस्से मजलिसच्या संमतीने खर्च व्हावेत! मजलिसने जकातीला शिस्त लावली, शाळा काढल्या. सहा महिने झाले नाहीत तोच, 1939 च्या मार्चमध्ये, शेखांचा मुलगा रशीद यांच्या लग्नाच्या निमित्ताने त्यांची माणसं देऱ्यात शिरली आणि मजलिस मोडली गेली.

पुढे हेच शेख रशीद दुबईचे राज्यकर्ते झाले आणि दुबईचा कायापालटही त्यांनीच घडवला. व्यापाऱ्यांना त्यांनी दूर लोटलं नाही, उलट जवळ घेतलं: कंत्राटं, एजन्सी, जमिनी, परवाने तुमचे, राज्य आमचं. असा लेखी करार कुठे नाही. पण तिथल्या व्यापारी घराण्यांची पुढची सगळी वाटचाल या चौकटीतच झाली.

अल घुरैरांनी ही संधी कशी साधली ते बघण्यासारखं आहे. 1966 पर्यंत दुबईच्या बाजारात आपला रुपया चालत होता. 1959 पासून खास आखातासाठी रिझर्व्ह बँकच वेगळ्या नोटा छापत असे. 6 जून 1966 ला भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं, डॉलरचा भाव 4.76 वरून साडेसात रुपयांवर गेला आणि आखाती राज्यांनी रुपयाला रामराम ठोकला. त्याच वर्षी दुबईच्या समुद्रात तेल सापडलं. जुनं चलन गेलेलं, नवा पैसा दारात. अशा वेळी 1967 मध्ये अब्दुल्ला अल घुरैर यांनी ‘बँक ऑफ ओमान’ काढली. नावात ओमान असलं तरी बँक दुबईची. 1993 मध्ये तिचं नाव ‘मश्रेक’ झालं. आज दुबईत नोकरी करणाऱ्या अनेक मराठी माणसांचा पगार या बँकेत जमा होतो, आणि तिची शाखा मुंबईतही आहे.

शहर वाढू लागलं तसं त्याला जे जे लागेल ते ते हे घराणं पुरवत गेलं. शहराला सिमेंट हवं होतं. 1968 च्या नॅशनल सिमेंट कंपनीशी या घराण्याचं नाव जोडलेलं आहे. 1976 मध्ये पिठाचा धंदा सुरू झाला. 1981 मध्ये देऱ्यात अल घुरैर सेंटर उघडलं, आखातातल्या पहिल्यावहिल्या मॉलपैकी एक. बर दुबईत राहिलेल्यांना ओळखीचं असलेलं बुर्जुमानही यांचंच. जेबेल अलीत घराण्यातल्या जमाल अल घुरैर यांचा अल खलीज हा साखर शुद्धीकरण कारखाना आहे. वर्षाला सुमारे 15 लाख टन साखर शुद्ध करण्याची त्याची क्षमता. ज्या देशात ऊस पिकत नाही तिथे, बंदराच्या काठावर बाहेरून कच्ची साखर आणून एवढा उद्योग उभा राहतो, हे आपल्या साखरपट्ट्यातल्या माणसाने डोळे विस्फारून बघावं असं आहे. 828 मीटर उंच बुर्ज खलिफाला बाहेरून काच आणि अ‍ॅल्युमिनियम चढवण्याच्या कामातही एका चिनी कंपनीबरोबर या घराण्याची कंपनी होती.

राजकारणाचा दरवाजा उघडला 2007 मध्ये. अब्दुल्लांचे चिरंजीव अब्दुल अझीझ, कॅलिफोर्नियातून इंजिनिअर होऊन आलेले, वर्षानुवर्षं मश्रेकचे मुख्याधिकारी. ते संघीय राष्ट्रीय परिषदेचे सभापती झाले आणि 2011 पर्यंत त्या पदावर राहिले. या काळात त्यांनी बँकेचं काम सोडलं नाही. परिषदेत सभासद चाळीस: अबुधाबी आणि दुबईचे आठ-आठ, शारजा आणि रास अल खैमाचे सहा-सहा, उरलेल्या तीन अमिरातींचे चार-चार. निम्मे निवडून येतात, निम्मे त्या त्या अमिरातीचे राज्यकर्ते नेमतात. परिषद कायद्यांवर चर्चा करते, दुरुस्त्या सुचवते, मंत्र्यांना प्रश्न विचारते; शेवटचा शब्द मात्र सात राज्यकर्त्यांच्या सर्वोच्च परिषदेचा. सल्ल्याला मान आहे, निर्णय दुसरीकडे होतो. 1938 ची आठवण ठेवली तर ही चौकट चटकन कळते.

लोकसेवेची बाजू तर याहून मोठी. 2015 मध्ये अब्दुल्ला अल घुरैर यांनी आपल्या उद्योगाचा एक-तृतीयांश हिस्सा अरब तरुणांच्या शिक्षणासाठी प्रतिष्ठानच्या नावे केला: 4.2 अब्ज दिरहम, म्हणजे एक अब्ज डॉलरहून जास्त. 2018 मध्ये अब्दुल अझीझ यांनी निर्वासित मुलांच्या शिक्षणासाठी दहा कोटी दिरहमचा वेगळा निधी काढला. यातला ‘एक-तृतीयांश’ लक्षात घ्यावा असा आहे. इस्लामी वारसा कायद्यात मृत्युपत्राने आपल्या मर्जीप्रमाणे देता येतो तो फार तर तिसरा हिस्सा. बाकी संपत्ती वारसांत ठरलेल्या वाट्यांनी जाते, मुलाला दोन तर मुलीला एक. रॉकफेलरांनी 1934 मध्ये ट्रस्ट करून घराण्याचा पैसा एकत्र राखला. इथे पिढीगणिक वाटण्या होतात. अब्दुल्ला आणि त्यांचे भाऊ सैफ यांचे उद्योगही पुढे वेगळे झाले. वाटण्यांत कंपन्या मोडून पडू नयेत म्हणून अमिरातीने 2022 मध्ये कुटुंब-उद्योगांसाठी वेगळा कायदाच केला.

सत्तेच्या खुर्चीवर न बसताही, शहराला ज्याच्यावाचून चालत नाही ते पुरवत राहून घराणं मोठं होतं, हे अल घुरैरांनी दाखवून दिलं. त्या मोठेपणाला एक मर्यादा आहे, आणि ती त्यांनी कधी ओलांडली नाही. अमेरिकेतलं घराणं मतपेटीत हरू शकतं. इथे हरण्याची वेळच येत नाही, कारण मोठी बाजी लावायला जागा नाही. रॉकफेलर किंवा टाटा-बिर्लांच्या फुटपट्टीने आखातातलं घराणं मोजू नये. त्याचं वजन बघायचं तर बँकेच्या पासबुकात, पिठाच्या पिशवीवर आणि शिष्यवृत्तीच्या यादीत बघावं.