कडक लेन्स : कोणते द्रावण कशासाठी?

कारखान्यात, दुकानात काम करणाऱ्या अनेकांच्या डोळ्यांत आज कडक, म्हणजे आरजीपी लेन्स असतात. केरॅटोकोनस या विकारात बुबुळ शंकूसारखे पुढे येते, तेव्हा चष्म्यापेक्षा या लेन्सने बरेच स्पष्ट दिसते. लेन्स महाग असते; तरी द्रावणाचा खर्च वाचवण्यासाठी काहीजण ती नळाच्या पाण्यात ठेवतात. ही काटकसर डोळ्यावर बेतू शकते. पाण्यातील अकँथअमीबा हा सूक्ष्म जीव बुबुळात शिरला तर दृष्टी जाऊ शकते. थुंकीने लेन्स ओली करणेही तितकेच घातक.

द्रावणांचे मुख्य प्रकार असे :

दोन बाटल्यांची पद्धत : 'बोस्टन अ‍ॅडव्हान्स' याच प्रकारचे. एका बाटलीतील क्लीनरने लेन्स चोळायची, दुसरीतील द्रावणात किमान 4 तास बुडवून ठेवायची. तेलकट मळ चांगला निघतो. मात्र खरखरीत कणांचा क्लीनर विशेष लेप दिलेल्या लेन्सला चालत नाही.

एकाच बाटलीची पद्धत : 'बोस्टन सिम्प्लस' किंवा 'युनिक पीएच'. वापर सोपा, प्रवासात सोयीचा. लेन्सवर थर फार साचत असल्यास एवढ्याने भागत नाही.

हायड्रोजन पेरॉक्साइड (3 टक्के) : इतर द्रावणांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना उपयुक्त. सोबतच्या खास डबीतच किमान 6 तास ठेवावे, म्हणजे पेरॉक्साइड निष्प्रभ होते. बाटलीतून थेट डोळ्यात गेले तर भयंकर जळजळ होते.

प्रथिनांचा थर काढणारे : 'प्रोजेंट'च्या दोन कुप्या एकत्र करून लेन्स 30 मिनिटे ठेवतात. हे रोजचे द्रावण नव्हे, आणि मऊ लेन्ससाठी तर नाहीच.

कारागिरांनी तेल, पॉलिश, रंग लागलेले हात साबणाने धुऊन, कोरडे करून मगच लेन्सला हात लावावा. लेन्स तळहातावर अलगद चोळावी. बोटांत दाबल्यास तिचा आकार बिघडतो. जुन्या द्रावणात नवे मिसळू नये. डबी दर 3 महिन्यांनी बदलावी.

चष्म्याच्या दुकानदारांनी ग्राहकाच्या लेन्सवर लेप आहे का, हे विचारूनच बाटली द्यावी. नेहमीचा माल नाही म्हणून मऊ लेन्सचे द्रावण पुढे करू नये. आणि डोळा लाल झाला, दुखू लागला, तर नवी बाटली न विकता लेन्स काढायला सांगून गिऱ्हाइकाला त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवावे. असा दुकानदार गिऱ्हाइकाच्या कायम लक्षात राहतो.