परतावा म्हणजे भरपाई नव्हे!

सुटणार म्हणून जाहीर झालेली गाडी ऐनवेळी रद्द होते. रेल्वे खाते तिकिटाचे पैसे परत करते आणि आपले कर्तव्य संपले असे मानते. उतारूही पैसे मिळाले यातच समाधान मानून घरी परततो. आमच्या मते अन्यायाचे मूळ या समाधानातच आहे. जे परत मिळाले ते उतारूचेच होते. त्याचे जे बुडाले त्याचा हिशेब मात्र कोणीही केलेला नसतो.

परताव्याचे नियम वाईट नाहीत. रेल्वेने गाडी रद्द केल्यास पूर्ण भाडे परत मिळते. ऑनलाइन तिकिटाचे पैसे आपोआप जमा होतात; खिडकीवर काढलेले तिकीट गाडीच्या नियोजित वेळेपासून 72 तासांच्या आत परत करावे लागते. परंतु गणपतीला कोकणात जाणारा चाकरमानी 60 दिवस आधी तिकीट काढतो. त्याची गाडी आदल्या दिवशी रद्द झाली, तर परत मिळालेल्या रकमेत त्याला खाजगी बसमध्ये जागा मिळेल काय? ज्या तरुणाची परीक्षा हुकली, त्याचे वर्ष त्या रकमेत भरून येईल काय?

याबाबत दाद मागता येत नाही, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे. जून 2016 मध्ये जम्मूस जाणारी एक गाडी सुमारे चार तास उशिरा पोहोचली. एका कुटुंबाचे श्रीनगरचे विमान चुकले व त्यांना टॅक्सी करावी लागली. त्यांनी ग्राहक मंचाकडे धाव घेतली. सप्टेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 30 हजार रुपयांची भरपाई कायम केली. विलंबाचे कारण आपल्या आवाक्याबाहेरचे होते हे रेल्वेने सिद्ध केले नाही, तर ती भरपाईस जबाबदार आहे, असे न्यायालयाने बजावले. उशिरा आलेल्या गाडीबद्दल जाब द्यावा लागतो, तर मुळीच न सुटलेल्या गाडीबद्दल तो का देऊ नये?

मात्र या न्यायास पाच वर्षे लागली. किती उतारूंच्या अंगी एवढे बळ असते? म्हणूनच भरपाई मागावी लागू नये, ती नियमानेच मिळावी, असे आमचे म्हणणे आहे. युरोपीय संघात जून 2023 पासून लागू असलेल्या नियमांनुसार गाडी तासाहून अधिक उशिरा पोहोचल्यास भाड्याच्या 25 टक्के, दोन तासांहून अधिक उशीर झाल्यास 50 टक्के भरपाई द्यावी लागते. आपल्याकडेही 2019 मध्ये सुरू झालेल्या तेजस एक्स्प्रेसमध्ये एक तासाच्या विलंबास 100 व दोन तासांच्या विलंबास 250 रुपये देण्याची योजना होती. ती 2024 मध्ये गुंडाळण्यात आली!

निसर्गापुढे कोणाचा इलाज चालत नाही, हे आम्हांस मान्य आहे. जुलै 2024 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात कोकण रेल्वेमार्गावर दरड कोसळली, तेव्हा गाड्या थांबविणे हेच शहाणपणाचे होते. अशा प्रसंगांचा अपवाद युरोपच्या नियमांतही आहे. परंतु डबे उपलब्ध नाहीत किंवा रुळांचे काम निघाले, ही कारणे दरडीच्या पंक्तीस बसविता येणार नाहीत. ते नियोजन रेल्वेच्याच हाती असते.

तेव्हा रेल्वेने प्रत्येक रद्द गाडीचे खरे कारण जाहीर करावे. आणि ते आपल्याच नियोजनातील असेल, तर परताव्याबरोबर भाड्याचा ठराविक हिस्सा भरपाई म्हणून न मागता द्यावा. उतारूंनीही तिकीट, रद्द झाल्याची सूचना आणि पर्यायी प्रवासाची पावती जपून ठेवावी व जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यास कचरू नये. तिकीट हा करार आहे. उतारूने तो मोडला की रेल्वे त्याच्या भाड्यातून रक्कम कापून घेते. रेल्वेने मोडला तर तिलाही झळ पोहोचली पाहिजे.