भुसा टेबलाखालीच अडवा

टेबल सॉचं पातं पुढच्या बाजूला खाली जातं, म्हणून बहुतेक भुसा टेबलाखाली पडतो. पण दातांना चिकटून वर आलेली बारीक धूळ थेट कापणाऱ्याच्या तोंडावर उडते. त्यामुळे नुसती खालून ओढ पुरत नाही. पात्यावरच्या गार्डलाही नळी हवी.

खालच्या पेटीच्या मोठ्या फटी प्लायच्या तुकड्यांनी बुजवा. मोटरची हवेची जाळी मात्र मोकळी ठेवा, आणि थोडी हवा आत यायला वाट राहू द्या.

घरगुती व्हॅक्यूम क्लीनरला जोर असतो, पण तो हवा कमी ओढतो. मोठ्या भुशाला डस्ट कलेक्टरच बरा. ४ इंची नळीचं तोंड अडीच इंचीच्या अडीच पटींहून मोठं असतं. मग मध्येच अडीच इंची जोड लावून सगळं वाया का घालवायचं? वाटेत सायक्लोनची बादली ठेवली की जाड भुसा तिथेच पडतो आणि फिल्टर लवकर तुंबत नाही.

लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये कर्ककारक ठरवलं आहे. मशीन थांबलं तरी बारीक धूळ बराच वेळ हवेत तरंगते. एन-९५ मास्क लगेच काढू नका.