एका दगडावर दोन पुराणं

इंग्लंडच्या वायव्य टोकाला, कंब्रियात, गॉसफर्थ नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या सेंट मेरी चर्चच्या आवारात, थडग्यांच्या गर्दीत, साडेचौदा फूट उंचीचा तांबूस वालुकाश्माचा सडपातळ क्रूस उभा आहे. दांडा खाली गोल, वर चौकोनी. दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातला असूनही तो अजून उघड्यावरच आहे.

लांबून पाहणाऱ्याला तो चर्चच्या अंगणातला क्रूस वाटतो, एवढंच. जवळ गेलं की गोंधळ उडतो. एका बाजूला हातपाय बांधलेला माणूस पडलाय आणि त्याच्याजवळ एक बाई वाडगं धरून बसली आहे. हा लोकी, नॉर्स म्हणजे व्हायकिंगांच्या देवांमधला कारस्थानी. त्याच्या डोक्यावर साप टांगलाय आणि त्याचं ठिबकणारं विष बायको सिगिन वाडग्यात झेलते. वाडगं भरलं की ते ओतायला तिला उठावंच लागतं. तेवढ्यात थेंब तोंडावर पडतात, लोकी तडफडतो आणि भूकंप होतो. दुसरीकडे एक जण राक्षसी प्राण्याचा खालचा जबडा पायाखाली दाबून वरचा हाताने फाडतोय. तो विदार, बाप ओडिन याला गिळणाऱ्या फेनरिर लांडग्याचा सूड घेणारा.

गंमत अशी, की या कथा आइसलँडमध्ये स्नोरी स्टुर्लुसनने नीट लिहून काढल्या त्या १२२० च्या सुमाराला. दगड पोथीपेक्षा जवळपास तीनशे वर्षांनी जुना!

स्पष्ट ख्रिस्ती म्हणावा असा प्रसंग एकच. पूर्वेकडच्या अंगावर हात पसरलेला येशू आहे, पण मागे क्रूस कोरलेलाच नाही. खाली भालाईत आणि त्याच्यासमोर हातात शिंग घेतलेली बाई. ती मेरी मॅग्डालीन असावी असं म्हणतात. पण तिचा लांब झगा आणि मागे सोडलेली वेणी थेट व्हायकिंग कारागिरांनी कोरलेल्या बायकांसारखी आहे.

मग हा धर्मप्रचार, की जुन्या देवांना सोडवत नव्हतं म्हणून काढलेली पळवाट? अभ्यासकांचा कल पहिल्याकडे आहे: देवांचं जग संपलं, आता येशूचं आलं, असं सांगणारा हा दगड. पटण्यासारखं आहे. तरी वाटतं, नुसता प्रचार करायचा असता तर सिगिनसाठी कारागिराने एवढी जागा खर्च केली नसती. आयर्लंड आणि आइल ऑफ मॅनच्या वाटेने इथे आलेल्या नॉर्स वसाहतवाल्यांच्या घरी ही गोष्ट रोजची असणार.

मधल्या शतकांत क्रुसावरच्या या कथांची ओळख पुसली गेली होती. १८८० च्या दशकात गावचे डॉक्टर पार्कर आणि कॅल्व्हर्ली नावाचे एक पाद्री यांनी दगडावरचं शेवाळ साफ केलं, तेव्हा कुठे ही चित्रं वाचता आली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये या क्रुसाची प्लास्टरची प्रतिकृती आहे.

चर्चच्या आत आणखी एक शिळा आहे. तिच्यावर वरच्या अर्ध्यात सापाशी झुंजणारं हरीण आहे, म्हणजे ख्रिस्ताचं प्रतीक. आणि खाली होडीत बसून बैलाचं मुंडकं गळाला लावणारा नॉर्स देव थॉर.