उपवासकाळ : कोणत्या वयापासून?
अंबरनाथ एमआयडीसीच्या परिसरात ईस्टरआधीचा उपवासकाळ सगळ्या कॅथलिक घरांत एकाच दिवशी सुरू होत नाही. मुंबई महाधर्मप्रांताची लॅटिन परंपरा राखेच्या बुधवारची. १९८८मध्ये स्थापन झालेल्या कल्याणच्या सिरो-मलबार धर्मप्रांतातली मल्याळी घरं मात्र दोन दिवस आधी, सोमवारीच सुरुवात करतात.

लॅटिन नियमात मांसवर्ज्य १४ वर्षं पूर्ण झाल्यावर. खरा उपवास, म्हणजे दिवसात एकच पोटभर जेवण, १८ ते ५९ वयाच्यांना, तोही फक्त राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोन दिवशी. १९१७च्या चर्च-कायद्याच्या संहितेत मांसवर्ज्य सातव्या वर्षापासून होतं! आजच्या, १९८३च्या संहितेनुसार धाकट्यांना सूट आहे; त्यांना प्रायश्चित्ताचा अर्थ समजावण्याची जबाबदारी मात्र आईवडील आणि धर्मगुरूंवर. खाऊचे पैसे दानपेटीत टाकले, शुक्रवारी क्रूसाच्या वाटेच्या भक्तीला आले, की पोरांचं पुष्कळ झालं.