नाडी काय सांगते?

(हृदय छातीच्या आत असते. ते डोळ्यांना दिसत नाही. तरीही त्याचे काम नीट चालले आहे की नाही, हे परिचारिका ओळखते. ती हे कसे ओळखते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

जालना जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव हे गाव आहे. गावाच्या नावातच कुंभार आहे. माठ विकत घेताना आपण तो बोटाने वाजवून पाहतो. आवाज खणखणीत आला, तर माठ पक्का. आवाज बद्द आला, तर कुठेतरी तडा गेलेला असतो. माठ न फोडता त्याचा दोष कळतो. हृदयाची परीक्षाही काहीशी अशीच असते. छाती न उघडता, बाहेरून पाहून, हात लावून आणि ऐकून हृदयाची स्थिती समजून घ्यावी लागते. परिचारिका हे काम रोज करते.

हृदय आपल्या मुठीएवढे असते. मिनिटाला ७० ठोके धरले, तर दिवसभरात त्याचे एक लाखाहून अधिक ठोके होतात. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. हृदय हे रक्त सतत फिरते ठेवते. प्रत्येक ठोक्याबरोबर रोहिण्यांमधून एक लाट जाते. मनगटावर बोटांना जाणवते ती हीच लाट. तिला मराठीत नाडी म्हणतात आणि उर्दूत नब्ज.

नाडी पाहण्याची विद्या फार जुनी आहे. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी इब्न सीना या थोर हकिमाने आपल्या 'अल्-कानून' या ग्रंथात नाडीची सविस्तर माहिती लिहिली. तेराव्या शतकात इब्न अल्-नफीस यांनी सांगितले, की रक्त हृदयाच्या उजव्या भागातून फुप्फुसांत जाते आणि तेथून डाव्या भागात येते. पुढे १६२८ साली इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी रक्त सर्व शरीरात फिरून पुन्हा हृदयाकडे येते, हे प्रयोगांनी दाखवून दिले.

आता तुम्हीही नाडी पाहा. तळहात वर करा. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दुसऱ्या हाताची पहिली तीन बोटे हलकेच ठेवा. अंगठा मात्र वापरू नका. अंगठ्याला स्वतःची नाडी असते, त्यामुळे मोजण्यात गोंधळ होतो. घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. मोठ्या माणसाची नाडी विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ६० ते १०० असते. लहान मुलांची त्याहून जलद असते. धावून आल्यावर, ताप असताना किंवा भीती वाटली तर ती वाढते. परिचारिका केवळ आकडा पाहत नाही. ठोके सारख्या अंतराने पडतात का, ते जोरदार आहेत की क्षीण, हेही ती पाहते.

छातीतील आवाज ऐकण्यासाठी स्टेथोस्कोप वापरतात. १८१६ साली फ्रान्समधील डॉक्टर लेनेक यांनी कागदाची सुरळी करून ती रोग्याच्या छातीवर ठेवली आणि तिच्यातून हृदयाचा आवाज ऐकला. स्टेथोस्कोपची सुरुवात अशी झाली. हृदयातील झडपा बंद होताना 'लब्-डब्' असा आवाज येतो. कधी छातीवर जितके ठोके ऐकू येतात, तितके मनगटावर जाणवत नाहीत. अशी शंका आली, की दोन परिचारिका एकच घड्याळ समोर ठेवतात. एक छातीवर मोजते, दुसरी मनगटावर. दोन आकड्यांत फरक असेल, तर काही ठोक्यांचे रक्त मनगटापर्यंत नीट पोहोचत नाही, असे समजते.

पाटाला पाणी सोडले, तरी ते शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचले का, हे शेतकरी जाऊन पाहतो. परिचारिकाही हृदयापासून दूर असलेले हात-पाय तपासते. ती रोग्याचे नख दाबते. नख पांढरे होते. बोट सोडल्यावर साधारण दोन सेकंदांत गुलाबी रंग परत आला पाहिजे. हात गारठलेले असतील, तर थोडा जास्त वेळ लागतो. सावळ्या माणसाच्या त्वचेवर निळसरपणा लवकर दिसत नाही, म्हणून ती ओठांची आतली बाजू आणि जीभ पाहते. पायावर अंगठा दाबल्यावर खळगा पडून राहिला, तर तेथे पाणी साठून सूज आली आहे, असे समजते. मधुमेही माणसाच्या पावलावरची आणि घोट्यामागची नाडीही ती शोधते. तेथे रक्त कमी पोहोचत असेल, तर लहानशी जखमही लवकर भरत नाही.

या साध्या तपासणीने जीव कसा वाचतो, ते पाहू. समजा, दवाखान्यात एका बाईची प्रसूती झाली आहे. बाळ सुखरूप आहे. घरची माणसे आनंदात आहेत. परिचारिका मात्र दर १५ मिनिटांनी आईची नाडी मोजते आणि वेळेसह लिहून ठेवते. पहिल्या वेळी ८४, दुसऱ्या वेळी १०४, तिसऱ्या वेळी १२४! आई बोलते आहे. रक्तदाबही जवळजवळ पहिल्याइतकाच आहे. पण तिचे हात गार पडले आहेत. नखाला रंग यायला वेळ लागतो आहे.

शरीरातील रक्त कमी होऊ लागले, की हृदय आपला वेग वाढवते. हातापायांकडे जाणारे रक्त कमी होते आणि ते मेंदू व हृदय यांच्यासाठी राखले जाते. त्यामुळे रक्तदाब काही वेळ टिकून राहतो. तो उतरेपर्यंत वाट पाहिली, तर फार उशीर होतो. कुंभार पिंपळगावासारख्या गावातून जालन्याच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचायला वेळ लागतो. म्हणून परिचारिका लगेच रक्तस्राव तपासते, डॉक्टरांना कळवते आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावते. एका आकड्यावरून हा धोका कळला नसता. तीन आकडे एकाखाली एक लिहिलेले होते, म्हणून तो वेळीच लक्षात आला.

मुलांनो, परिचारिका आपले मनगट धरते तेव्हा घड्याळाकडे पाहून मनात मोजत असते. त्या एका मिनिटात शांत बसा आणि तिच्याशी बोलू नका. तिची मोजणी चुकू देऊ नका.

शब्दार्थ
परिचारिका – रोग्यांची शुश्रूषा करणारी, नर्स
रोहिणी – हृदयाकडून रक्त नेणारी नळी
क्षीण – कमजोर
वाफा – शेतातील बांध घातलेला लहान भाग
रक्तस्राव – रक्त वाहणे

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नाडी पाहताना अंगठा का वापरू नये?
(आ) लेनेक यांनी हृदयाचा आवाज कशातून ऐकला?
(इ) परिचारिका नख दाबून काय पाहते?
प्र. २. आईला धोका आहे, हे परिचारिकेने कोणत्या खुणांवरून ओळखले? चार-पाच वाक्यांत लिहा.
उपक्रम : घरातील तीन माणसांची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. नाव, वय, वेळ आणि ठोके यांचा तक्ता तयार करा.