कपाटातल्या बंदुकीचं काय?

टीव्हीवर अमेरिकेतल्या गोळीबाराची बातमी लागली की आपण सोफ्यावर बसल्या बसल्या निकाल देतो, 'सरळ बंदी घाला ना!' पण डेन्व्हरला ऑनसाइट गेलेली माझी एक मैत्रीण सांगत होती, तिच्या टीममधले कितीतरी जण वीकेंडला शूटिंग रेंजवर जातात. लंच टाइमला त्यांचं भांडण जुंपतं ते वेगळ्याच प्रश्नावर : 'माझ्या कपाटात आहे त्या बंदुकीचं काय?' मग मी हे कायदेच वाचायला घेतले.

आधी कोर्स, मग खरेदी

मैत्रीण राहते ते राज्य कोलोरॅडो. तिथे २०२५ मध्ये एक विधेयक आलं. ते आणणाऱ्यांतले एक सिनेटर टॉम सुलिव्हन. २०१२ मध्ये ऑरोरातल्या थिएटरमध्ये झालेल्या गोळीबारात त्यांचा मुलगा ॲलेक्स गेला. त्या दिवशी त्याचा २७वा वाढदिवस होता.

मॅगझीन काढता-घालता येणाऱ्या बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक रायफल्सची विक्रीच थांबवायची, असा मूळ प्रस्ताव होता. चर्चेत तो मवाळ झाला. गव्हर्नर जॅरेड पोलिस यांनी १० एप्रिल २०२५ रोजी सही केली, तेव्हा त्यात मधली वाट आली होती. शेरीफकडून कार्ड घ्या, १२ तासांचं ट्रेनिंग किमान दोन दिवसांत पूर्ण करा, परीक्षेत ९० टक्के मिळवा, मग खरेदी करा. शिकारीचा सेफ्टी कोर्स झालेल्यांना ४ तास पुरतात. कार्डाची मुदत ५ वर्षं. अंमलबजावणीची तारीख १ ऑगस्ट २०२६.

आणि कपाटातली बंदूक? ती राहते. सगळी झळ नव्या गिऱ्हाइकाला. ज्याच्याकडे आधीच पाच आहेत, त्याला परीक्षा नाही. पहिली रायफल घेणाऱ्याला मात्र रजा काढून वर्गात बसायचं.

ठेवा, पण सांगा

इलिनॉयने दुसरा रस्ता धरला. ४ जुलै २०२२ ला हायलँड पार्कच्या परेडवर गोळीबार झाला, सात माणसं गेली. जानेवारी २०२३ मध्ये राज्याने 'असॉल्ट वेपन' ठरवलेल्या बंदुकांची विक्री बंद केली. जुन्या मालकांनी बंदूक ठेवावी, पण १ जानेवारी २०२४ पर्यंत पोलिसांकडे नोंदवावी, नाहीतर गुन्हा.

राज्यात बंदूक बाळगायचं कार्ड असलेले सुमारे २४ लाख. मुदतीत नोंद करणारे ३० हजारांच्याही आत. प्रत्येक कार्डवाल्याकडे तसली बंदूक नसणार, हे मान्य. तरी आकडा बोलका आहे. कित्येक शेरीफनीच 'आम्ही हे राबवणार नाही' म्हणून जाहीर केलं होतं. आज यादीत नाव दिलं, उद्या दारात पोलीस आले तर, ही मालकांची भीती.

आपल्याकडे तर जमाच करावी लागली. २०१९ च्या दुरुस्तीने लायसन्सच्या बंदुका तीनवरून दोनवर आल्या. प्रस्ताव तर एकीचाच होता, विरोधामुळे दोन झाल्या. तिसरी वर्षभरात जमा करा, मग ती आजोबांची का असेना. स्पर्धेत उतरणाऱ्या नेमबाजांना सूट.

तुम्ही निघाला असाल तर

एच-वन-बीवर जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. राज्य कुठलंही असो, शिकारीच्या लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडले तर देशाचा कायदाच तुम्हाला बंदूक घेऊ देत नाही. रूममेटची हातात घेऊन फोटो काढण्याआधीही विचार करा.

हे सगळं वाचून मला एक पटलं. सुलिव्हनसारख्या बापाला उत्तर देणं राज्याचं कामच आहे. पण नियम पाळणारा मालक सरकारला घाबरून गप्प बसला, तर यादी कोरी राहते आणि बंदूक कपाटातच. म्हणून कायदा करताना दुकानाइतकंच लक्ष त्या कपाटाकडेही द्यायला हवं.